क्रिस्टलमध्ये लेसरने बीम स्प्लिटर कसा लिहायचा

बीम स्प्लिटर म्हणजे एका लाइटचे दोन भाग करणारा फाटा. फ्यूज्ड सिलिकासारख्या काचेत फेमटोसेकंद लेसरचा (अतिशय छोट्या पल्स सोडणाऱ्या लेसरचा) फोकस जिथून फिरतो तिथे रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (पदार्थ लाइटला किती वळवतो ते सांगणारा आकडा) किंचित वाढतो आणि लाइट त्याच रेषेतून जातो. काचेतलं हे काम 1996 पासून चालू आहे. वायएजी (यट्रियम अॅल्युमिनियम गार्नेट) क्रिस्टलमध्ये मात्र लेसर लागलेल्या जागी इंडेक्स बहुतेक वेळा कमी होतो, म्हणून रस्ता नाही लिहायचा, कुंपण लिहायचं. मधला कोअर, म्हणजे लाइट जातो तो भाग, न दुखावलेला राहतो आणि त्याच्याभोवती गोलाकार, एकमेकींना समांतर अशा रेषा, त्यांच्यात साधारण 3-4 मायक्रॉन अंतर. दोनच रेषा मारूनही त्यांच्यामधल्या स्ट्रेसने लाइट धरला जातो, पण तो पोलरायझेशनवर (लाइटच्या कंपनाच्या दिशेवर) फार अवलंबून असतो, म्हणून स्प्लिटरसाठी मी गोल क्लॅडिंगच, म्हणजे वरचं गोल कुंपणच, सुचवेन.

लिहिताना सगळ्यात खालची रेषा आधी आणि मग वर वर यायचं, हे अजिबात चुकवू नका, कारण वरची रेषा आधी मारली तर खाली जाणारा बीम तिच्यावरच विखुरतो आणि खालचं कुंपण अर्धवट राहतं. खोलीचा हिशोबही नीट करा, वायएजीचा इंडेक्स साधारण 1.82 आहे त्यामुळे स्टेज (क्रिस्टल ठेवलेला सरकता प्लॅटफॉर्म) 100 मायक्रॉन सरकवली की फोकस आत जवळपास 180 मायक्रॉन जातो.

आता वाय आकाराचा फाटा, जिथे लाइट दोन फांद्यांत वाटला जातो. सरळ भाग झाला की कोअर हळूहळू रुंद करत न्यायचा आणि दोन फांद्या एकमेकींपासून पुरेशा लांब झाल्या की मगच मधली भिंत सुरू करायची. खरी कसोटी इथेच आहे, भिंत जरा जरी एका बाजूला सरकली तर पॉवर सारखी वाटली जात नाही. फांद्यांमधला कोन एक डिग्रीच्या आतच ठेवा, वळण जास्त झालं की लाइट क्लॅडिंगमधून गळतो.

लिहून झालं की दोन्ही टोकं पॉलिश करा, कडेजवळ बीम कापला जातो आणि तिथल्या रेषा खराब येतात. मग हीलियम-निऑनचा 632.8 नॅनोमीटर बीम ऑब्जेक्टिव्हने आत सोडा, दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्यात दोन ठिपके दिसले की प्रत्येकाची पॉवर वेगळी मोजा. बरोबर अर्धी वाटणी म्हणजे प्रत्येक फांदीत 3 डीबी (डेसिबल, म्हणजे निम्मी पॉवर) कमी, त्यावर जे जातं तो लॉस. हाफ-वेव्ह प्लेट (पोलरायझेशन फिरवणारी पट्टी) फिरवून दोन्ही पोलरायझेशनला मोजा, आणि लेखनाचा बीम डोळ्याला दिसत नाही तेव्हा त्या वेव्हलेंथचा गॉगल लावल्याशिवाय टेबलाजवळ जाऊच नका.