उन्हात येणारा पूर: सोलापूर भागात घराची तयारी

सोलापूर म्हटले की दुष्काळ, टँकर आणि काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी. त्यामुळे ‘आपल्याकडे कसला पूर’ हे वाक्य घराघरांत रुजले आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने माढा, मोहोळ आणि उत्तर-दक्षिण सोलापूर तालुक्यांतली गावे पाण्याखाली घातली, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला आणि माणसांना बोटीने बाहेर काढावे लागले. तयारी करायची ती या पुराची. त्याची चाल आधी नीट समजून घ्या.

आपला पूर बहुतेक वेळा आपल्या डोक्यावरच्या पावसाने येत नाही. भीमेला पाणी येते पुण्याच्या घाटमाथ्यावरून, दौंडमार्गे उजनी धरणात. नीरेचे पाणी वीर धरणातून सुटते आणि नरसिंगपूरला, म्हणजे उजनीच्या खाली, भीमेला मिळते. म्हणून उजनीचे दरवाजे बंद असले तरी पंढरपुरात नदीपात्रातले वाळवंट बुडू शकते. सीनेला फुगवतो तो अहिल्यानगर आणि धाराशिवकडचा पाऊस. तुमच्या गावात लख्ख ऊन आणि नदी मात्र तासातासाला चढते आहे, असे इथे सहज घडते. यात एक सोयही आहे: वरून निघालेले पाणी पोहोचायला वेळ लागतो. तो वेळ वापरता यावा म्हणून काही गोष्टी पावसाळ्याआधीच ठरवून ठेवायच्या.

भीमाकाठच्यांनी दौंड, उजनी आणि वीर या तीन ठिकाणचा विसर्ग, म्हणजे तिथून नदीत किती पाणी सुटते ते, पाहावे. सीनाकाठच्यांनी सीना कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी या धरणांचा पाहावा. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. १ लाख क्युसेक चोवीस तास चालले तर ८.६४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जाते. पण नुसत्या आकड्यावरून तुमच्या उंबऱ्याला पाणी लागणार की नाही ते कळत नाही. त्यासाठी खूण हवी.

भिंतीवरची खूण

२०२० च्या ऑक्टोबरात आणि २०२५ मध्ये पाणी कुठवर आले होते ते गल्लीतल्या जाणत्या माणसांना विचारा. विजेच्या खांबावर नको, पण देवळाच्या ओट्यावर, पाराच्या दगडावर किंवा स्वतःच्या भिंतीवर ऑइल पेंटने आडवी रेघ मारा. शेजारी तारीख आणि त्या दिवशीचा विसर्ग लिहा. पंढरपुरात पुंडलिकाच्या मंदिराला पाणी किती लागले, जुना दगडी पूल बुडाला का, यावरून लोक अंदाज बांधतात. तशीच खूण आपल्या गल्लीला हवी. एक लक्षात ठेवा: आकडा तोच असला तरी पाणी दर वेळी तेवढेच चढेल असे नाही. दोन नद्या एकदम फुगल्या, किंवा खालच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याची दारे काढलेली नसली, झाडे-पाचट अडकून बंधारा तुंबला, तर तेवढ्याच विसर्गाला पाणी वर येते.

खुणा दोन ठेवा. पहिल्या खुणेला पाणी लागले की सामान वर चढवायचे. दुसरीला लागले की घर सोडायचे. दुसरी खूण ठरवताना बहुतेक घरांची चूक होते, कारण ती उंबऱ्यावरून ठरवली जाते. खरे पाहायचे ते गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरच्या ओढ्याकडे. नदी भरली की ओढ्याचे पाणी नदीत शिरत नाही, उलट फुगवटा मागे येतो. गाव कोरडे असते आणि ओढ्यावरचा ठेंगणा फरशी पूल बुडालेला असतो. म्हणून रस्त्यावरची सगळ्यात खोलगट जागा पाण्याखाली जायच्या आधी निघता येईल, अशी ती खूण हवी. आणि अंधार पडायच्या आत निघायचे. रात्री दोन वाजता म्हातारी माणसे आणि लेकरे घेऊन पाण्यातून वाट काढणे फार धोक्याचे असते. वाहते पाणी अर्धा फूट असले तरी माणसाचे पाय उचलते आणि एक फूट पाण्यात लहान चारचाकी तरंगू लागते. फरशीवरून पाणी वाहत असेल तर खालचा रस्ता जागेवर आहे की खचला, हे वरून दिसत नाही.

कोठीतले सामान

तीन दिवस चूल न पेटवता खाता येईल असे अन्न घरात हवे, आणि त्या बाबतीत सोलापूरकरांना बाजार शोधत फिरावे लागत नाही. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी यापेक्षा चांगला शिधा नाही. कडक भाकरीत पाण्याचा अंश जवळजवळ नसतो, म्हणून ती टिकते. पण पावसाळी हवेत उघडी राहिली की सादळते, मग तिला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आत पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. पाच माणसांना तीन दिवस, दोन वेळ, प्रत्येकी दोन, अशा ६० भाकरी होतात. सोबत अर्धा-पाऊण किलो चटणी, गूळ, फुटाणे आणि लहान मुलांसाठी दुधाची पावडर. चटणी तिखट असते आणि तहान वाढवते, हे धरून पाणी जास्त ठेवा. प्यायला माणशी रोज ३ लिटर, म्हणजे पाच जणांना तीन दिवसांचे ४५ लिटर. २० लिटरचे तीन कॅन भरले की थोडे हाताशी उरते.

याशिवाय एक पिशवी पाठीवर टाकून निघता येईल अशी. तिच्यात रेशन कार्ड, आधार, सातबारा, बँकेचे पासबुक आणि विम्याचे कागद दुहेरी प्लॅस्टिकमध्ये. रक्तदाब-मधुमेहाची १५ दिवसांची औषधे, टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक, सुट्टे पैसे, सॅनिटरी पॅड, जलसंजीवनीची (ओआरएस) पाकिटे. पाकीट नसेल तर १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कागदांचे फोटो मोबाइलमध्ये काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकालाही पाठवून ठेवा.

पहिल्या खुणेला पाणी लागल्यावर

क्रम महत्त्वाचा आहे.

१. हात-पाय कोरडे असताना मेन स्विच बंद करा. पाणी बोर्डापर्यंत आल्यावर, ओल्या पायांनी, त्याला हात लावायचा नाही. इन्व्हर्टरची बॅटरी सोडवून वर ठेवा. मेन बंद असला तरी ती घरात वीज सोडत असते.

२. गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि टाकी उभी ठेवून खिडकीच्या गजाला दोरीने बांधा. १४.२ किलोची भरलेली टाकी साधारण ३० किलोची असते, पण ती त्याहून जास्त पाणी बाजूला सारते. म्हणून ती भरलेली असतानाही तरंगते आणि भिंतीवर आपटत जाते.

३. गच्चीवरची टाकी भरून खालचा व्हॉल्व्ह बंद करा. तेच तुमचे पुरानंतरचे स्वच्छ पाणी.

४. संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या तोंडावर वाळूची पिशवी दाबून ठेवा. पाणी दारातून यायच्या आधी पुष्कळदा तिथून वर येते.

५. दारात पोती लावायची तर खताच्या पोत्यात वाळू किंवा मुरूम भरा, तोही अर्ध्याच्या थोडा वर. गच्च भरलेले पोते दगडासारखे राहते आणि फटी बुजत नाहीत. काळी माती भरू नका, ती भिजून निसरडी होते. पाण्याच्या बाजूने प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर पोती विटांसारखी सांधे चुकवून रचा.

सोलापूर शहरात विणकरांच्या पूर्व भागात घरातच यंत्रमाग असतो आणि त्याची मोटर जमिनीलगत असते. मोटरीचे बोल्ट गंजलेले असतात, म्हणून पावसाळ्याआधीच एकदा सैल करून तेल-ग्रीस लावून पुन्हा आवळा आणि त्या मापाचा पाना मागाशेजारीच टांगून ठेवा. सुताचे कोन वरच्या फळीवर. विडीकाम चालते त्या घरात तेंदूपाने आणि तंबाखू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर. एकदा भिजलेला माल परत घेतला जात नाही आणि नुकसान त्या बाईच्या अंगावर येते. हिप्परगा तलाव भरून वाहू लागला की आदिला नदी आणि शहरातल्या नाल्यांकाठच्या वस्त्यांनी ही सगळी तयारी सुरू करायला हरकत नाही.

शेतातल्या दोन गोष्टी अगदी निक्षून सांगायच्या आहेत. नदीकाठची मोटर विसर्गाची बातमी येताच काढा, पाणी चढायला लागल्यावर नाही. मोटर पुन्हा घेता येते, जीव नाही. आणि गोठ्यातली दावी सोडा. मोकळे जनावर पोहून उंचावर जाते, दाव्याला बांधलेले तिथेच बुडते. निघायच्या आधी प्रत्येक जनावराचा कानातल्या बिल्ल्यासह फोटो घ्या.

पाणी ओसरल्यावर

घरात शिरताना हातात काठी आणि पायात बूट हवेत. अडगळीत, गादीखाली, चुलीजवळ नाग, घोणस किंवा मण्यार बसलेली असू शकते. साप चावला तर जखम कापू नका, दोरी आवळू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. पुराच्या पाण्यातून वावरल्यावर ताप आला तर डॉक्टरांना तसे सांगा, लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) शंका त्यांना घेता येते.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही म्हणून घरोघरी जमिनीत हौद आहे, आणि पुराचे पाणी पहिले त्यातच उतरते. वरून नितळ दिसले म्हणून ते वापरू नका. हौद पंपाने उपसा. आत उतरण्यापूर्वी काही तास झाकण उघडे ठेवा आणि वर दुसरा माणूस असल्याशिवाय उतरू नका. बंद हौदात हवा खराब होऊन माणूस बेशुद्ध पडतो. डिझेल पंप आत ठेवून चालवणे तर जिवावरच बेतते. गाळ काढून भिंती घासल्या की हौद स्वच्छ पाण्याने भरा आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका.

माप असे: लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत गुणा, आलेल्या आकड्याला २८.३ ने गुणा. ५ बाय ४ चा हौद ४ फूट भरला तर सुमारे २,२६५ लिटर. पहिल्या धुण्याला १,००० लिटरला १५० ग्रॅम, म्हणजे ३४० ग्रॅम. रात्रभर ठेवून ते पाणी सोडून द्या, ते प्यायचे नाही. नंतर रोजच्या पाण्याला १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे या हौदाला ११ ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी ओता. अर्धा तास थांबून पाणी वापरा. पावडरीला उग्र वास राहिला नसेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेला आहे, ती कितीही टाकली तरी उपयोग नाही. ओलसर जागी उघडी राहिलेली पावडर अशीच मरते.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, दगड-मातीच्या घरांना खरा धोका ऊन पडल्यावर असतो. भिंत आतून भिजून तिचा जोर गेलेला असतो आणि डोक्यावर मातीचे ओझे तसेच असते. बाहेरून कोरडी दिसणारी भिंत काही दिवसांनी कोसळते. नवे तडे, फुगलेला दगड, वाकलेली तुळई दिसली की त्या खोलीत झोपू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसे दगावली ती अशाच जड छपरांखाली आणि मातीत रचलेल्या भिंतींखाली. भूकंपासाठी वेगळे काही करायचे तर माळवदावर दरवर्षी मातीचा नवा थर चढवणे थांबवा, जुना खरवडून मगच नवा घाला. वीज पडण्याच्या दिवसांत ‘दामिनी’ ॲप ठेवा आणि गडगडाट सुरू झाला की शेतातले एकटे लिंबाचे झाड सोडून पक्क्या घरात या.

मदतीला ११२, जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७, रुग्णवाहिकेला १०८, विजेसाठी १९१२ आणि जनावरांसाठी १९६२. हे आकडे दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहा, कागद भिजतो.

पंचनाम्यासाठी घर धुण्याआधी फोटो काढा: प्रत्येक खोलीचा एक, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा, आणि शेजारी माणूस उभा असलेला, म्हणजे उंची कळते. मग भिंत पुसायच्या आधी त्या रेघेवर नवी खूण करा, तारीख आणि विसर्ग लिहा.