वेबसाइटचा एडिटर घेण्याआधी त्यात मराठी मजकूर चिकटवून बघा

मालवण-गुहागरकडे होमस्टेची वेबसाइट करून घेताना एडिटर, म्हणजे पानावरचा मजकूर लिहायची-बदलायची सोय, कुठला, हे सहसा कुणी विचारत नाही. मग दर बदलायचे तरी बनवणाऱ्याला फोन! त्यापेक्षा आधीच स्वतः करून बघा. वर्डमधला एक मराठी परिच्छेद, खोल्यांच्या दरांच्या तक्त्यासकट, एडिटरमध्ये चिकटवा आणि मागचं एचटीएमएल (पानाचा कोड) उघडा. ओळीओळीला फॉन्ट आणि रंगाचे टॅग (कोडमधल्या खुणा) लटकलेले दिसले, तर तो एडिटर नको. मोबाइलवर पान अशानेही विस्कटू शकतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये (सगळ्या मोबाइल-संगणकांवर वाचता येणाऱ्या पद्धतीत) बदलूनच घ्या, नाहीतर पाहुण्यांना नुसती चिन्हं दिसतील.

वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये २०१८ च्या ५.० आवृत्तीपासून ब्लॉक एडिटर आहे, म्हणजे मजकूर-फोटोंचे वेगवेगळे तुकडे रचून पान करायचं. फोटोंच्या पानांना तो छान, पण नुसता मजकूर लिहिणाऱ्याला आधीच्या साध्या, क्लासिक एडिटरचं प्लगइन (वरून जोडायचा भाग) सोपं पडतं. जुन्या साइटवर सीकेएडिटर ४ नावाचा एडिटर असेल तर बदलाच. त्याच्या मोफत आवृत्तीचे सुरक्षा अपडेट २०२३ मध्ये थांबले.

आणि ऑटोसेव्ह, म्हणजे लिहिलेलं आपोआप जपून ठेवणं, हवाच. पावसाळ्यात वीज आणि रेंज एकदमच जातात, तेव्हा अर्धं लिहिलेलं पान तरी वाचलं पाहिजे.