एअर रायफलचे छर्रे असे निवडा

रायफल तीच, हात तोच, तरी भोकं विखुरतात? आधी छर्रे तपासा. नाशिकरोडला सराव करणाऱ्या आमच्या पोरांचं निम्मं दुखणं इथंच निघालं.

एकदम साठा करू नका. छर्र्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी असलेली एकेक डबी आणा. रायफल टेकूवर ठेवून १० मीटरवरून प्रत्येकीतले ५-५ छर्रे वेगळ्या कागदावर मारा, निदान दोनदा. भोकं जिची सगळ्यांत जवळ, त्याच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, डब्या घ्या.

मग छर्रे तिरक्या काचेवर लोळवा. चांगला छर्रा सफाईदार वळतो. मागचा पातळ घेर चेपलेला असेल तर अडखळतो, तो बाजूला काढा.

छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर मिसळ खायला बसण्याआधी हात साबणाने धुवाच.