डिव्हायडरवर रिले चालवू नका

ओहमचा नियम तुम्हाला येतो, असं धरून चालतो. दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडले की मधल्या टोकाला व्होल्टेज वाटून मिळतं, यालाच डिव्हायडर म्हणतात, हेही पाठ असेल. मलाही होतं. तरी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी एका रिलेपायी, म्हणजे कॉइलला करंट दिला की चालू-बंद होणाऱ्या स्विचपायी, माझे तीन दिवस गेले.

प्रोजेक्ट साधा होता. अंधार पडला की दिवा लागायला हवा. अ‍ॅडॉप्टर 9 व्होल्टचा, रिले 5 चा. म्हटलं, 1 के (म्हणजे 1000 ओहम) आणि 1.2 के लावू, काम झालं. मीटरवर 4.9 आले. रिले जोडला, तर ढिम्म! रिलेच खराब म्हणून पुण्यातल्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, बदलून आणला. तोही ढिम्म. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानातल्या काकांनी मान वर न करता विचारलं, "रिले लावून मोजलंस का रे?"

नव्हतं मोजलं. घरी येऊन मोजलं, 0.56 व्होल्ट.

आता हे नीट वाचा, घाई करू नका. रिलेची कॉइल साधारण 70 ओहमची. ती 1.2 केला पॅरलल बसते आणि दोघांचे मिळून होतात जेमतेम 66 ओहम. म्हणजे 9 व्होल्टची वाटणी आता 1000 आणि 66 मध्ये. आपला 1.2 के असून नसल्यासारखा. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून एकट्या मीटरला 4.9 दिसतात. मधून कुणी करंट मागत नाही असं धरूनच ते सूत्र लिहिलेलं असतं, पण ही ओळ आमच्या फळ्यावर कधी आलीच नाही.

मग एक सीनियर म्हणाला, "व्हॅल्यू कमी कर की." 10 आणि 12 ओहम लावले. रिले टक् वाजला, मी ओरडलोच. थोड्याच वेळात जळका वास आणि बोटाला चटका. पाव वॉटच्या रेझिस्टरमध्ये जवळपास 2 वॉट जिरत होते! सीनियरचं ऐका, पण त्याने स्वतः जोडून पाहिलंय का, हे आधी विचारा. आणि पेठेत मिळणारे तयार प्रोजेक्ट तर घेऊच नका, व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तोंड उघडता येत नाही.

5 व्होल्टला 7805 (पक्के 5 व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी) लावा, रिले चालवायला ट्रान्झिस्टर आणि त्याच्या कॉइलवर उलटा डायोड. डिव्हायडर सेन्सरसाठी ठेवा, तिथे तो झकास चालतो. घाबरू नका, एवढं कळलं की पुढचं सोपं आहे.

आमचा सेन्सर म्हणजे एलडीआर, उजेडात ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि अंधारात वाढतो. तो आधी नुसता मोजा, एकदा ट्यूबलाइटखाली, एकदा मुठीत झाकून. माझा 1 के आणि 100 के दाखवायचा. दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं, 10 के. वर एलडीआर आणि तेवढाच रेझिस्टर खाली असा डिव्हायडर लावला तर 5 व्होल्टवर उजेडात 4.5, अंधारात 0.45. त्याजागी हाताशी होता म्हणून 220 ओहम लावला होता, तेव्हा भर उजेडातही 0.9 च्या वर जात नव्हतं आणि मी सेन्सर वाचणाऱ्या कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो.