जिचं सांगणं कुणी लिहून घेतलं नाही, तिचं पुस्तक कसं करावं

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या आयुष्याचं पुस्तक करायचं असेल तर सगळ्यात आधी महिना ठरवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि चैत्र-वैशाखात परततात. हंगाम चालू असताना फडावर, म्हणजे जिथे तोड चालू असते तिथे, जाऊन रेकॉर्डिंग करू नका. भल्या पहाटे तोडणी सुरू होते, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागतं. मधल्या दोन-चार तासांत तिला झोप हवी असते, तुमचे प्रश्न नकोत. शिवाय तिथे मुकादम, म्हणजे टोळी जमवून नेणारा ठेकेदार, हाकेच्या अंतरावर असतो, मग मोकळं बोलणं होत नाही. मे महिना उत्तम. पावसाळ्यातही चालतं, पण खुरपणी सुरू झाली की फक्त दुपार मिळते, आणि पत्र्यावर पाऊस पडू लागला की आवाज ऐकू येण्याइतका टिपला जात नाही.

हे मार्गदर्शन ऊसतोडीचं उदाहरण समोर ठेवून लिहिलं आहे. सफाई कामगार, घरकाम करणारी बाई, मेंढपाळ अशा कुणाच्याही बाबतीत पद्धत हीच राहते, फक्त वेळापत्रक आणि शब्द बदलतात.

पहिल्या भेटीत मोबाइल खिशातच राहू द्या. चार गोष्टी स्पष्ट सांगा: पुस्तक कशासाठी, ते कोण वाचणार, पैसे कसे आणि नाव कुणाचं. बैठकीमुळे तिचा रोज बुडत असेल तर गावातला खुरपणीचा चालू रोज तिला द्या, आणि हे आधीच बोलून घ्या. पैसे दिले की माणूस हवं तसं सांगतो, अशी भीती काहींना वाटते. तसं होत नाही. खरी अडचण येते ती पैशाचा विषय मोघम ठेवल्यावर, कारण मग घरातले लोक तुमच्या येण्याचे वेगळेच अर्थ लावू लागतात.

बैठका आठ ते दहा लागतात, प्रत्येकी तास-दीड तासाच्या. तासाभराच्या बोलण्याचे साधारण 6 ते 7 हजार शब्द होतात. त्यातलं निम्मं किंवा त्याहून कमी पुस्तकात येतं. दहा बैठकांतून 30 हजार शब्दांचं पुस्तक उभं राहतं, ते या हिशेबाने.

रेकॉर्डिंगला साधा मोबाइल पुरतो. विमान मोड चालू करा, नाहीतर ऐन महत्त्वाच्या वाक्याला फोन वाजतो. पंखा आणि टीव्ही बंद. मोबाइल उघड्या फरशीवर ठेवला तर भांड्याचा आणि पावलांचा आवाज घुमतो, म्हणून घडी घातलेल्या गोधडीवर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. अॅपमध्ये वेव्ह फाइलचा पर्याय असेल तर तो घ्या. एकाच चॅनेलवर तासाला सुमारे 320 एमबी जागा लागते, तेवढी आधी मोकळी करा. सुरुवातीला तारीख आणि बैठकीचा क्रमांक मोठ्याने बोला. नाव गुप्त ठेवायचं असेल तर ते रेकॉर्डिंगमध्येही घेऊ नका, एखादा सांकेतिक शब्द वापरा. त्याच रात्री फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक घराबाहेर ठेवा.

घरात नवरा, मुलगा, शेजारीण बसलेली असणार. त्यांना उठवू नका. पहिल्या दोन बैठका सगळ्यांसमोर होऊ द्या, कुतूहल ओसरलं की लोक आपोआप पांगतात. मुलगा सारखा मध्ये बोलत असेल तर त्याची स्वतंत्र बैठक घेऊ असं सांगा, आणि खरंच घ्या.

काय विचारायचं

'तुम्हाला कसं वाटलं?' हा प्रश्न टाळा. त्याला उत्तर येतं, 'कसं वाटणार, नशीब.' आणि तिथेच दार बंद होतं. वस्तू विचारा. कोपी (राहायची झोपडी) कशाची बांधायची? पाचटाची की ताडपत्रीची? पाणी किती लांबून आणायचं? चूल कुणी पेटवायची? मूल फडाच्या कडेला कशात निजवायचं? वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकले तर पैसे कुणाच्या हातात पडायचे? वाढ्यांच्या पैशाचा प्रश्न साधा दिसतो, पण त्यातून घरातला सगळा व्यवहार बाहेर येतो. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, नवरा-बायको दोघांच्या नावावर, म्हणजे एका कोयत्यावर घेतली जाते. ती मोजून कुणी घेतली, अंगठा कुणाचा, फिटली नाही तेव्हा काय झालं, हे टप्प्याटप्प्याने विचारलं की बाई हिशेब सांगू लागते. तिचं दुखणं त्या हिशेबातच असतं.

सालं विचारू नका, खुणा विचारा. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता? खडी फोडायला गेला होता का, सुकडी मिळायची का, मिलो खाल्ला का? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा पोरं किती होती? तो 30 सप्टेंबर 1993 चा, पहाटेचा, म्हणजे हंगामाला निघायच्या आधीचा. अशा दोन-तीन खुणा पक्क्या झाल्या की बाकीचं वय, लग्न, बाळंतपणं त्यांच्याभोवती लावता येतात.

तिने वाक्य अर्धवट सोडलं तर पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहा आकडे मोजा. बहुतेक वेळा उरलेलं वाक्य येतं, आणि ते पहिल्यापेक्षा महत्त्वाचं असतं.

एक विषय फार सांभाळून हाताळावा लागतो. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाल्यावर 2019 मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तेव्हापासून बाहेरून येणारा माणूस याच विषयावर बोट ठेवतो. गावात याला 'पिशवी काढली' म्हणतात. तुमचा पहिला प्रश्न पिशवीचा असला, तर ती बाई तुमच्यासाठीही तेवढीच उरते. तिला गाणी येतात, उसाची जात पाल्यावरून ओळखता येते, मोळी एका विशिष्ट गाठीने बांधता येते. ते आधी येऊ द्या. पिशवीचं ती सांगेल, तिच्या वेळेला. सांगितलं नाही तर ते पुस्तकात नसेल, आणि तरीही पुस्तक पुरं असेल.

ती रडली तर विचारा, 'बंद करू का?' आणि ती हो म्हणाली तर तिच्यासमोर बंद करा. कठीण आठवणीवर बैठक संपवून निघून जाऊ नका. शेवटची पंधरा मिनिटं पेरणी, नातवंडं, उद्याचा बाजार अशा बोलण्यात जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी फोन करा.

लिहून काढणं

तासाभराचं रेकॉर्डिंग लिहायला पाच ते आठ तास लागतात. आपोआप मजकूर करून देणारी साधनं प्रमाण मराठीवर चालतात, मराठवाडी बोलीत ती अडखळतात आणि न कळलेला शब्द गाळून दुसराच घालतात. कच्चा मजकूर त्यांच्याकडून घेतलात तरी प्रत्येक ओळ कान लावून तपासा.

सगळ्यात जास्त पुस्तकं या टप्प्यावर बिघडतात. समजा, सांगणारी म्हणाली:

'पोरगी फडातच झाली. सांच्याला गाडी भरायची व्हती. मुकादम म्हनला, खाडा पडंल.'

आणि लिहिणाऱ्याने केलं: 'माझ्या मुलीचा जन्म उसाच्या शेतातच झाला. असह्य वेदना होत असतानाही मला काम करावं लागलं.'

व्याकरण सुधारलं आणि तीन गोष्टी गेल्या. 'फड' गेला, म्हणजे जिथे तोड चालू आहे ती जागा गेली आणि नुसतं शेत राहिलं. 'असह्य वेदना' तिने म्हटलंच नव्हतं, ते तिच्या तोंडी घातलं. आणि मुकादम नाहीसा झाला. खाडा म्हणजे गैरहजेरी आणि तिची कापली जाणारी रक्कम. तिच्या तीन वाक्यांत धमकी होती, धमकी देणारा होता. सुधारलेल्या मजकुरात नुसतं दुःख आहे, ते दिलं कुणी याचा पत्ता नाही. वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो.

म्हणून नियम असा: वाक्यांचा क्रम बदलू शकता, पुनरुक्ती काढू शकता, 'म्हंजी', 'आता बघा' असे आधाराचे शब्द कमी करू शकता. नवीन विशेषण घालायचं नाही. एकही नाही.

बोलीच्या लेखनासाठी आधीच एक वही करा. 'व्हतं' लिहायचं की 'होतं', 'तवा' की 'तेव्हा', 'न' आणि 'ण' कसे ठेवायचे, हे पहिल्या वीस पानांत ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. पान 12 वर 'व्हतं' आणि पान 40 वर 'होतं' आलं की मुद्रितशोधक गोंधळतो आणि वाचकाला बोली नकली वाटते. बोली वाचकाला जड जाईल ही भीती सोडा. शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनाचं नावच 'माज्या जल्माची चित्तरकथा' आहे, आणि ते कुणाला अडलेलं नाही. पुस्तकाच्या शेवटी 25-30 शब्दांची सूची द्या. तळटीपा मात्र देऊ नका, त्या तिचं बोलणं सारखं तोडतात.

जात्यावरच्या ओव्या आल्या तर त्या गद्यात मिसळू नका. ओळी गळ्यावर जशा तुटतात तशाच तोडा. या ओव्या किती मोठं भांडार आहेत ते हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभ्या केलेल्या संग्रहावरून कळतं, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत.

नाव, गाव, मुकादम

नुसतं नाव बदलून ओळख लपत नाही. गाव, कारखाना, मुकादमाचं आडनाव आणि 'चार मुली' एवढ्यावर तालुक्यात कुणीही बोट ठेवेल. प्रत्येक प्रकरण वाचताना विचारा, शेजारच्या गावच्या माणसाला ही कोण ते कळेल का? कळत असेल तर गाव आणि कारखाना दोन्ही बदला. उचलीची रक्कम आणि मजुरीचा दर मात्र बदलू नका, पुस्तकाचा पुरावा त्यात आहे. तिला थेट विचारा, 'हे मुकादमानं वाचलं तर?' पुढच्या वर्षीची उचल त्याच्याच हातात असते, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर तिलाच ठाऊक असतं. लैंगिक अत्याचाराचा भाग असेल तर पीडितेची ओळख छापण्यावर कायद्याने बंधन आहे. छापण्याआधी वकिलाला दाखवा.

उलट, तिला स्वतःचं नाव हवं असेल तर तुमच्या काळजीपोटी ते काढू नका. मुखपृष्ठावर तिचं नाव, त्याखाली लहान अक्षरांत 'शब्दांकन' म्हणून तुमचं. करार लेखी करा, नाहीतर कागदोपत्री पुस्तक एकट्या लिहिणाऱ्याचं ठरू शकतं. हक्क तिचा किंवा दोघांचा, मानधनाचा वाटा किती, तिच्या पश्चात तो कुणाला, हे त्यात हवं. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे प्रश्न तिच्या नातवंडांपर्यंत जातो. करार तिला वाचून दाखवा, आणि तिचं 'हो' रेकॉर्डही करा.

संमती तीनदा घ्यायची: बोलण्याआधी, लिहून झाल्यावर, छपाईआधी. मधली संमती म्हणजे सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणं. 30 हजार शब्दांना चार-पाच बैठका जातात. इथे घाई करतात, आणि इथेच सगळ्यात जास्त दुरुस्त्या मिळतात. 'सासू अशी नव्हती, मी रागात बोलले' असं ती म्हणेल. ते वाक्य काढा, किंवा तिची दुरुस्तीही तशीच छापा. काढा म्हणाली की काढायचं, मग ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान असलं तरी.

छपाई

डेमी आकारात, 12-13 पॉइंटच्या अक्षरात 30 हजार शब्दांची 120 च्या आसपास पानं होतात. फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) 16 पानांचा धरला तर 128 पानांवर आणून ठेवा, म्हणजे कोरी पानं वाया जात नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये असेल आणि छापखाना जुन्या फॉन्टमध्ये घेणार असेल तर रूपांतरात जोडाक्षरं फुटतात. 'ऱ्या', 'र्‍ह' आणि रफार प्रत्येक पानावर तपासा. बोलीभाषेतले शब्द शुद्धलेखन तपासणीत परस्पर 'दुरुस्त' होतात, ती सोय बंद ठेवायला सांगा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो. छापल्यावर 30 दिवसांत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. स्वतः छापत असाल तर तो प्रकाशक तुम्हीच.

मुखपृष्ठावर सुरकुतलेले हात किंवा डोक्यावर मोळी घेतलेली पाठमोरी बाई नको. अशी चित्रं कुणाचीही असू शकतात. तिचा कोयता, तिने स्वतः निवडलेला फोटो, किंवा नुसती अक्षरं बरी.

प्रकाशनाची तारीख तिला विचारून ठेवा. उचल ठरते ती पावसाळ्यात. पुस्तक नेमकं तेव्हा बाहेर आलं तर बोलणी बिघडू शकतात, आणि त्याची किंमत तिला वर्षभर मोजावी लागेल. ती 'शिमग्यानंतर करू' म्हणाली तर छापून तयार असलेल्या प्रती तोपर्यंत गठ्ठ्यात राहू द्या.