डाउन की सिंथेटिक? थंडीचं जॅकेट घेताना या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. तोरणमाळ, डाब या सातपुड्यातल्या पट्ट्यात तर काही पहाटे दव गोठतं. मग जॅकेटची खरेदी सुरू होते आणि ‘महाग तेच उबदार’ या हिशोबाने डाउन घेतलं जातं. चुकतं ते इथेच.

डाउन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव. ऊब राखते ती या लवीत अडकलेली हवा. लव भिजली की तिचे गोळे होतात, हवा जाते आणि अंगावर नुसतं ओझं उरतं. सिंथेटिक जॅकेटमध्ये पॉलिस्टरचे बारीक तंतू असतात. ते ओले झाले तरी बरीच ऊब धरतात, वाळतातही लवकर. रात्रीच्या विजेवर गव्हा-हरभऱ्याला पाणी भरायला जाणाऱ्याने म्हणूनच डाउनच्या वाटेला जाऊ नये. खांद्यावर पाइप, कोपरापर्यंत ओल्या बाह्या, वरून दव. तिथे सिंथेटिकच हवं.

भुसावळहून गाडी पकडून हिवाळ्यात उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक करायला निघालेल्यांचं गणित वेगळं. कोरड्या, कडक थंडीत तेवढ्याच उबेसाठी डाउन हलकं पडतं आणि सॅकमध्ये जागाही कमी घेतं. पण चढताना ते अंगात ठेवू नका, घामाने आतून भिजतं. थांबलात की लगेच चढवा.

लेबलवरच्या 650, 800 या आकड्यांना भुलू नका. एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम डाउन किती घनइंच फुगतं, एवढंच तो आकडा सांगतो. आत डाउन किती ग्रॅम भरलंय हे दुकानदाराला विचाराच. 800 चं 80 ग्रॅम भरलेलं जॅकेट 650 च्या 200 ग्रॅमपुढे टिकत नाही.

मोटरसायकलवर वारा शिवणींतून आत शिरतो, तेव्हा वरून सैल विंडचीटर घाला. घट्ट घातलंत तर भरण दबतं आणि ऊब जाते.

सगळ्यात जास्त जॅकेटं मात्र उन्हाळ्यात खराब होतात. फेब्रुवारीत पिशवीत कोंबून ट्रंकेत टाकलेलं जॅकेट दिवाळीनंतर बाहेर येतं तेव्हा चपटं झालेलं असतं. डाउन झटकलं, उबेत ठेवलं की बऱ्यापैकी फुगतं. सिंथेटिकचे तंतू एकदा मोडले की पुन्हा उभे राहत नाहीत. दोन्ही हँगरवर टांगा, नाहीतर सुती खोळीत सैल ठेवा.

धुतल्यावर डाउन सपाट झालं तर लगेच फेकायला काढू नका. बहुतेक वेळा ते आतून ओलंच असतं. कप्पे चिमटीत धरून चाचपा, गोळे लागतील. ड्रायर असेल तर मंद आचेवर दोन-तीन टेनिस बॉल टाकून फिरवा. नसेल तर सावलीत आडवं पसरा, अधूनमधून उलटा आणि गोळे हलक्या हाताने मोकळे करा. पिळू नका, सॉफ्टनर घालू नका. वाळायला दोन-तीन दिवसही लागतात. कुबट वास येत असेल तर अजून ओल आहे, घडी घालू नका.