रेसिडेन्सीला जाताय? आधी वर्कशॉपचा वार ठरवा

मागच्या वर्षी मे ते जुलै मी मुंबईत आर्टिस्ट रेसिडेन्सीला होते, म्हणजे कलाकाराला काही महिने काम करायला जागा देतात ती. स्टुडिओ भायखळ्याला, काम लिनोकटचं (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावून कागदावर छापायचं), आणि अट अशी की आठवड्याला एक वर्कशॉप वरळी कोळीवाड्यात घ्यायचं. अर्ज भरताना वाटलं, दोन तासांचं तर काम, उरलेले सहा दिवस आपलेच!

कसले आपले. आदल्या दिवशी अब्दुल रेहमान स्ट्रीटला जाऊन कागद आणा, लिनोचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा, कटर मोजून ठेवा, मग दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या घेऊन बसमध्ये उभं राहा, रात्री रोलर घासा, आणि तिसऱ्या दिवशी डोकं इतकं बधिर की स्वतःच्या प्लेटकडे, म्हणजे कोरायच्या लिनोकडे, बघवत नाही. पहिल्या महिन्यात माझी एकच प्लेट झाली, तीही बिघडली. एका वर्कशॉपला सरळ अडीच दिवस धरा.

आता वार. मी हुशारी करून रविवार सकाळी अकराची वेळ ठेवली, सुट्टी असते ना सगळ्यांना. आली तीन पोरं. बायका सगळ्या मासळी घेऊन बाजारात. एक मावशी म्हणाल्या, "रविवारचा धंदा सोडून तुझे ठसे मारायला कोण येनार? गुरवारी ये." सोमवार-गुरुवार कितीतरी घरांत मासे शिजत नाहीत, आणि हे मला सुचू नये, माझी स्वतःची आई गुरुवार पाळते! गुरुवारी दुपारी तीनला चौदा जणी आल्या.

1 जूनला मासेमारी बंदी लागली, ती 31 जुलैपर्यंत. होड्या किनाऱ्याला, त्यामुळे पुरुषही डोकवायला लागले, पण जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या आणि पोरं गायब. जुलै संपत आला की जाळी, बोटींचं रंगकाम, नारळी पौर्णिमेची तयारी, तेव्हा कोणाला फुरसत नसते. मी को-ऑर्डिनेटरला आधीच सांगून ते दोन आठवडे वर्कशॉप ठेवलंच नाही (फोटो मागतात ते, जुने देऊन ठेवा), माझं निम्मं काम त्यातच झालं.

पावसाळ्यात ऑइलची शाई वाळता वाळत नाही. मी आठ प्रिंट एकावर एक ठेवले आणि चिकटून सगळे वाया गेले, दोरीवर चिमटे लावून सुटे टांगा. वर्कशॉपला पाण्याची शाई, प्रेसऐवजी चमच्याची पाठ घासायची. आणि दुसरा हात कायम कटरच्या मागे, पुढे नाही, हे दर वेळी सांगा. लहान पोरांना कटर नको, ठसे मारायला बटाटा द्या.

एका ताईने स्वतःच्या बोटीचं नाव कोरलं, 'एकवीरा', सरळ अक्षरांत. मी सांगायच्या आधीच कोरून मोकळी. छापल्यावर अर्थात उलटं आलं. सगळ्या हसल्या, तिने कागद उचलून भिंतीवरच्या आरशासमोर धरला, म्हणाली, "आरशात बरोबर हाय की." माझी सिरीज तिथून बदलली, बोटींची उलटी नावं. पण तिला विचारून हां, वर्कशॉपमधलं परस्पर उचलून आपल्या नावावर लावू नका. ती म्हणाली, घे, पण एक प्रिंट मला दे, फ्रेम करून. फ्रेमचे साडेचारशे मी बजेटमध्ये धरले नव्हते, तुम्ही धरा.